आबांच्या मुठीतले स्क्रू

रामहरीला एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरीच! शहरात, गारखेड्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे खरं, पण गडी दुकानात सापडेल तर शपथ. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेल्या घरातला माणूस, त्याला खुर्चीत बसवणार कोण?

त्याचा बाप फकिरा, घरचे सगळे आबा म्हणतात, जन्मभर कन्नडच्या घाटाकडं मेंढरं राखत आला. यंदा डाव्या अंगावरून वारं गेलं आणि रामहरीनं त्यांना शहरात आणलं. खाटेवर पडल्या पडल्या आबांचा उजवा हात सारखा खाटेची लोखंडी पट्टी वाजवायचा. ठक ठक, ठक ठक. रामहरीचं डोकंच उठायचं. शेवटी त्यानं खाटेसमोर मोठा स्मार्ट टीव्ही टांगला, मेंढरांचे व्हिडिओ लावून दिले आणि ‘सुटलो बुवा’ म्हणत दुकान गाठलं. हात काही थांबला नाही. टीव्हीच्या आवाजात ठकठक ऐकू येत नव्हती, एवढंच.

एका सकाळी तो टीव्ही सुरू होताना कंपनीच्या नावावरच अडकून बसला.

“गावभरचे टीव्ही नीट करता अन् घरच्याची ही कळा!” त्याची बायको अंबिका कडाडली. “आबांनी दिवसभर काय भिंतीकडं बघायचं?”

टीव्ही उतरवून दुकानात न्यावा म्हणून रामहरी वळला, तर आबांनी त्याच्या शर्टाचं टोक धरलं. काही केल्या सोडेनात.

“बरं, इथंच उघडतो,” म्हणत तो वैतागून खाटेशी बसला. मागचं झाकण काढलं, स्क्रू हरवू नयेत म्हणून आबांच्या उजव्या मुठीत दिले. मदरबोर्डातलं सॉफ्टवेअर उडालं होतं. नवं भरायच्या आधी समोरच्या पडद्याचा नंबर जुळवायचा असतो, हे तो दुसऱ्यांना ओरडून सांगतो. पण धीर कुणाला? बोर्डाचा नंबर जुळला, झालं! पेन ड्राइव्ह खुपसला.

टीव्ही लागला. मेंढरांचे पाय वर, माळरान त्याच्याही वर.

“आयला, पडद्याचा नंबरच बघितला नाही!” रामहरीनं कपाळावर हात मारला.

“राम्या,” आबा वाकड्या तोंडानं म्हणाले, “मेंढरं आभाळात चरायलीत!” आणि हसत सुटले. रामहरीलाही हसू आवरेना. अंबिका चुलीवरचं टाकून बघायला आली.

या पडद्याच्या सॉफ्टवेअरची बरोबर फाइल मोतीराम नावाच्या दोस्ताकडं होती, आणि तो फुलंब्रीला गेलेला. वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. तोवर आबा तुटक तुटक बोलत राहिले, कुठल्याशा शिरजोर मेंढ्याबद्दल, आणि रामहरी ऐकत राहिला. दुपारनंतर फाइल आली. चित्र सुलट झालं. त्यानं स्क्रू मागून घेतले, झाकण लावलं, टीव्ही टांगला. दुकानाच्या गिऱ्हाइकांचे फोनावर फोन येत होते. पिशवी खांद्याला मारून तो दारात पोचला.

ठक ठक. ठक ठक.

तो वळला. टीव्हीवर मेंढरं झकास चरत होती. आबा तिकडं बघतच नव्हते, दाराकडं बघत होते. आज दिवसभर पट्टी वाजली नव्हती, हे रामहरीच्या आत्ता ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

पुन्हा फोन वाजला. त्यानं तो बंद करून टाकला, पिशवी खाली ठेवली आणि चांगला चालता टीव्ही भिंतीवरून उतरवला.

“आबा, अजून जरा बिघाड राह्यलाय.”

“व्हय,” आबा म्हणाले, आणि स्क्रू ठेवायला तळहात पुढं केला.