संत्र्याच्या पेटीचं लाकूड

लाकडातलं मला कळतं, हा माझा जुना गर्व. मेडशीत घर बांधलं तेव्हा दारा-चौकटींचं सागवान मी स्वतः वखारीत जाऊन निवडलं होतं. फळी उचलायची, हाताला जड लागली पाहिजे. बोटांनी ठोकायची, भरीव वाजली पाहिजे. हलकी अन् पांढरी दिसली की बाजूला. आमच्याकडे पांढरं लाकूड म्हणजे संत्र्याच्या पेटीचं. एकदा माल उतरला की चुलीत जातं. सुतारसुद्धा म्हणाला होता, "वैनी, तुमाले ठगवनं सोपं नाई." हीच अक्कल घेऊन मी वाशिमला गिटार घ्यायला गेले आणि नवऱ्याला जवळजवळ घालवून बसले.

आमचे हे गायचे. नोकरी ग्रामपंचायतीत, पण ओळख सगळी गाण्याची. जयंतीचे दिवस आले की गायनपार्टीबरोबर गावोगाव. पार्टीत पेटी होती, ढोलकी होती, पण ह्यांना कॉलेजपासून गिटारचा नाद. गिटार गळ्यात अडकवून उभे राहिले की बाया माझ्याकडे वळून बघायच्या, अन् मी उगाच पदर सारखा करायची. कार्यक्रमाच्या आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा, कार्यक्रमानंतर खर्रा, त्यावर विडी. "ज्या गळ्याचं खाता त्यालेच मारता काय हो?" असं मी किती वर्षं ओरडले त्याला गणती नाही. मेलं कोण ऐकतंय! शेवटी डॉक्टरांनी ह्यांच्या गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकली. मानेला समोर एक भोक राहिलं, श्वास त्यातून चालतो. त्यावर पातळ रुमाल बांधायचा. तोंडातून शब्द नाही, हुंकार नाही. शिंक आली तरी त्या भोकातूनच हवा जाते.

चार महिने हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. काही हवं असलं तर वहीत लिहायचे, तेही पाणी, गोळी, पंखा, एवढंच. मग एका सकाळी वही माझ्यापुढे सरकवली. "गिटार घ्याची हाय. वरची फळी अखंड लाकडाची. सॉलिड."

"जुनी हाय नं घरात," मी म्हटलं.

ह्यांनी जुनी काढली, पोटाशी न धरता छातीशी गच्च धरली आणि तारा छेडल्या. मग लिहिलं, "हे प्लायवूड हाय. याचा आवाज बाहेरच राह्यते. अखंड लाकूड घुमते, छातीत उतरते. मंग मले वाटंल का मीच गाऊन राह्यलो."

हे वाचलं आणि मी ओट्यापाशी जाऊन तोंडात पदर कोंबला. रडले म्हणजे किती रडले! पण आनंदानं हो. चार महिन्यांत माणसानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

वाशिमला एसटीनं गेलो. दुकान तसं ढोलकी-तबल्याचं, गिटारी मागच्या भिंतीला टांगलेल्या. दुकानदार म्हातारे चाचा, बोलायला गोड आणि वेळखाऊ. पूर्ण अखंड लाकडाची तर आमच्या ऐपतीबाहेर होती, ते त्यांनीच आधी सांगून टाकलं. मग दोन काढल्या. एक वरच्या फळीला अखंड लाकूड असलेली, बाकी प्लायची. रंग पांढुरका, कागदासारखी हलकी. दुसरी सगळी प्लायची, पण गडद तपकिरी, चकचकीत, हातात घेतली की वाटावं वस्तू घेतली.

"गिटारचं हे मधलं भोक पाहा बहेनजी," चाचा म्हणाले. "वरच्या लाकडाच्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर समजा अखंड. प्लाय असंल तं कडेले थर दिसतेत."

मी कशाला बघते! मी दोन्ही उचलल्या, दोन्ही ठोकल्या. "चाचा, हे तं संत्र्याच्या पेटीचं लाकूड हाय. अन् हे पाहा कसं सागवानावानी वजनदार! आमाले खेड्यातले समजून राह्यले काय?"

चाचा हसले. ह्यांनी मात्र ती पांढरी छातीशी धरली होती. डोळे मिटलेले. एकच तार पुन्हा पुन्हा वाजवत होते. गळ्यावरचा रुमाल वर-खाली होत होता. ह्यांचा असा चेहरा मी दवाखान्यानंतर पाहिला नव्हता, आणि तरी माझी टकळी सुरूच. दवाखान्यापासून मला सवयच लागली होती. डॉक्टरशी मी बोलायची, कंडक्टरशी मी बोलायची, ह्यांना काय होतंय ते पाहुण्यांना मीच सांगायची. दोघांचं तोंड मीच.

चाचा ह्यांना म्हणाले, "पसंत तुमची बरोबर हाय. फक्त सबर पाहिजे. अखंड लाकूड नवं असते तवा बंद असते. वाजवत राह्याचं. पाच-सात सालात असं खुलते का विचारू नका. प्लाय काय, पहिल्या दिवशी जशी तशी अखेरच्या दिवशी."

आणि मी म्हटलं, "पाच-सात वर्षं कोनं पाह्यली, चाचा!"

भावात घासाघीस करताना माणूस बोलतो तसं बोलले हो. बाजारात भाजी घेताना शंभरदा बोलतो आपण, उद्याचं कोणी पाहिलं म्हणून. पण तार वाजायची थांबली. ह्यांनी डोळे उघडले, पांढरी गिटार जपून चाचांच्या हातात दिली आणि बोटानं त्या जड गिटारकडे दाखवलं. ही द्या.

मी म्हटलं, "पाहा, पटलं नं!" अशी मी. एसटीत बसल्यावर वाटेतलं मालेगाव यायच्या आत मला कळलं होतं मी काय बोलले ते. पण कळूनही तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. कारण ती नुसती जीभ घसरली नव्हती. लाकडाचं वजन, सागवान, सगळा बहाणा. पाच-सात वर्षं ऐकलं तेव्हा माझ्या पोटात आधी आलं ते हेच, की एवढे दिवस ह्यांच्याकडे नाहीत, मग आज वाजेल ती घ्या. अन् माझ्या मनातलं ह्यांना लग्नापासून न बोलता कळतं.

घरी ती गिटार कोपऱ्यात उभी राहिली. ह्यांनी एकदाच छातीला लावली, तारेवर एकदाच बोट फिरवलं आणि ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून जेवण सोडलं. मऊ भात केला, वरण गाळून दिलं, ज्वारीची आंबील केली. वाटी पुढे ठेवली की हे मान हलवायचे. लिहिलं, "घास उतरत नाही." खोटं. आठवड्याआधी हाच माणूस शिरा खात होता. दवाखान्यातून फोनवर सांगितलं, वजन असंच उतरलं तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल.

मी ओरडले. "खर्रा बरा उतरे! आता भात काहून उतरत नाई?" मग पाया पडले. मग वाटी भिंतीवर फेकली आणि वरण स्वतःच पुसलं. ह्यांच्या पाठीचं एकेक हाड सदऱ्यातून दिसायला लागलं होतं. पाचव्या दिवशी हे झोपलेले असताना मी वही उघडली. वाटलं, कुठं दुखतंय ते तरी लिहिलं असेल. पानभर एकच ओळ होती. माझीच. पाच-सात वर्षं कोनं पाह्यली. खाली पुन्हा तीच. जसं बोलले तसंच, अक्षर न अक्षर.

डॉक्टरनं ह्यांचा आवाज काढला तो जीव वाचवायला. मी उरलेला जीव काढला, अन् तेही भाव पाडताना.

त्याच दिवशी शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवलं, गिटार चादरीत गुंडाळली आणि एकटी वाशिमला गेले. चाचांपुढे ती ठेवली. "बदलून द्या. ती पांढरी द्या."

"बहेनजी, गेलेला माल वापस..."

"माल नोका म्हनू!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचा चहावाला आत डोकावला. मग मी तिथंच ढोलक्यांमध्ये खाली बसले आणि सगळं सांगितलं. लाजलज्जा ठेवली नाही. म्हटलं, "मी माह्या तोंडानं त्यायले मारलं, चाचा. ते जेवून नाई राह्यले. दुसरं काय करू ते तुमीच सांगा."

चाचांनी पाणी दिलं. पण ती पांढरी विकली गेली होती. आतून दुसऱ्या तीन आणल्या, तिन्ही दिसायला तशाच पांढुरक्या, दोनच खऱ्या. तोंड उघडलं, "कोनती चांगली?" असं विचारायला, आणि मिटलं. ह्या वेळी ठोकलं नाही. भोकाच्या कडेवर नख फिरवलं. एकीच्या कडेला थर दिसले, ती परत दिली. उरलेल्या दोन आळीपाळीनं छातीशी धरल्या, चाचांना म्हटलं, तुमी वाजवा. पदरावर गिटार दाबून उभी असलेली बाई बघून रस्त्यावरची माणसं थांबली. थांबू द्या. पहिलीचा आवाज तारेपाशीच राहिला. दुसरी वाजली आणि माझ्या बरगड्यांत काहीतरी उतरलं, पार पोटापर्यंत. मला सूर कळत नाही. पण ह्यांना काय हवं होतं ते तेव्हा कळलं. तीच घेतली. फरकाचं चाचा म्हणाले नंतर पाहू.

संध्याकाळी घरी आले तर हे भिंतीकडे तोंड करूनच होते. शेजारीण गेली. मी गिटार खाटेवर ठेवली आणि बोलले नाही. माझ्यासारखीला हे किती जड गेलं ते मीच जाणे. बऱ्याच वेळानं हे वळले. गिटारच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. उठून बसायला त्रास झाला, पण मी हात दिला नाही, ह्यांनी मागितला नव्हता. छातीशी धरली. वाजवली. रुमाल वर-खाली व्हायला लागला. काय वाजवत होते मला ओळखू आलं नाही, मध्येच चुकत होते, पुन्हा पहिल्यापासून. मग थांबले आणि वही ओढली.

"पाच-सात वर्षं लागतेत. तुले वाटते का?"

मला हो म्हणायचं होतं. अहो, दिवसभर मी हेच तर म्हणायची तयारी करत आले होते. एसटीत चार वेळा मनाशी बोलून पाहिलं होतं, सात काय, सत्तर म्हणा. पण ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खोटं काही बाहेर आलं नाही.

"मले नाई माईत," मी म्हटलं. "मले लय भेव लागते हो. रोज लागते. तुमी झोपले का मी तुमच्या गळ्याच्या भोकापाशी हात धरून पाह्यतो, हवा येते का नाई. म्हून मी तसं बोललो."

ह्यांनी पेन उचललं. मग एकच शब्द लिहिला.

"मलेबी."

मी ह्यांच्या पायाशी बसले आणि आवाज काढून रडले, दोघांच्या वाट्याचं. ह्यांनी थांब म्हटलं नाही. रडून झालं तेव्हा पाहिलं, तर वरणाची सकाळची थंड वाटी ह्यांनी मांडीवर ओढून घेतली होती आणि चमच्यानं एकेक घोट कसाबसा गिळत होते, मान आवळून, डोळ्यांत पाणी येईतो.