परसातली विझलेली चूल

पोरांनो, तुम्ही विचारलं होतं, आपण डुक्कर खातो का? गावातलं नाही. रानातलं खातो, तेही घराबाहेर, परसात, वेगळ्या भांड्यात शिजवून.

गेल्या ऊसतोडीच्या हंगामात संकेश्वरजवळच्या आपल्या शेतात उसाच्या शेवटच्या सरीतून रानडुक्कर उसळलं आणि त्यानं तुमच्या धाकट्या आजोबांच्या कुत्र्याचं पोट सुळ्यानं फाडलं. आजोबांनी त्याच्यावर कोयत्यानं वार केले. डुक्कर मेल्यावरही त्यांचा हात थांबेना. तोडकरी हसत म्हणाले, "अण्णा, बास की! खिमाच करताय व्हय?"

डुक्कर कापून मटण घरी आणल्यावर मी परसात तीन दगडांची चूल पेटवली, मसाला वाटला. आजोबांनी येऊन चुलीवर पाण्याची घागर उपडी केली.

"ह्याच्या सुळ्याला माझ्या कुत्र्याचं रगत हाय. ह्ये खायाचं न्हाय."

सगळं मटण त्यांनी खड्डा खणून त्यात लोटलं. वाटलेला मसाला मी वांग्यात घातला.