गमबुटातले सूर्योपासक

सिडनीजवळच्या आमच्या क्वेकर्स हिलमध्ये साधारण वर्षभर सूर्य उगवला तो आमच्या घरमालकांच्या वडिलांच्या परवानगीने, असं माझं ठाम मत आहे. त्याआधी तो आपला आपण उगवत असणार आणि आताही उगवत असणार, पण ते बघायला मी कधी जागी नसते, त्यामुळे त्याबद्दल छातीठोकपणे काही सांगता येणार नाही. मी त्यांच्या मागच्या अंगणातल्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये, म्हणजे एका सुट्या खोलीवजा घरात, भाड्याने राहते. माझी एकुलती एक खिडकी त्या अंगणात उघडते. त्या वर्षी रोज पहाटे त्या खिडकीबाहेर कमरेला पंचा गुंडाळलेले, हातात तांब्या घेतलेले एक काटकुळे म्हातारे गृहस्थ पूर्वेकडच्या पत्र्याच्या कुंपणाकडे तोंड करून उभे असायचे. त्यांचा आविर्भाव असा, की सूर्याला यायला उशीर झालाच तर त्याला कारण द्यावं लागेल. घरातले सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणू लागले.

भाऊ आले होते तीन महिन्यांसाठी. कोकणात राजापूरच्या बाजूला त्यांचं गाव, आणि गावात सूर्याचं देऊळ. तिथली रथसप्तमी आटोपून, मुलाने पाठवलेल्या तिकिटावर ते एकटेच सिडनीला आले. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आल्या नाहीत. घरी गाय होती, आंब्याचे दिवस तोंडावर आले होते, शिवाय विमानात जे पाणी देतात ते कुठल्या विहिरीचं, याचं समाधानकारक उत्तर त्यांना कोणी देऊ शकलं नव्हतं. ‘पावसाच्या आत येतो’ असं काकूंना सांगून भाऊ निघाले. त्यांना येऊन जेमतेम महिना झाला आणि कोरोना आला, सीमा बंद झाल्या, विमानं जमिनीवर बसली. दुसरा कोणी असता तर हवालदिल झाला असता. भाऊंनी फक्त मुलाला विचारलं, “सूर्य चालू आहे ना?” तो चालू आहे असं कळल्यावर ते आपल्या कामाला लागले.

त्यांचं काम म्हणजे आधी अर्घ्य, मग सूर्यनमस्कार, मग प्रदक्षिणा. नमस्कार घालताना ते सूर्याची बारा नावं अशा खणखणीत आवाजात घेत, की लॉकडाउनमध्ये अख्खी गल्ली घरी झोपलेली असताना सूर्याला ती ऐकू जायच्या आधी गल्लीला ऐकू जात. मला उशिरा उठायची सवय. ऑफिसची सकाळची ऑनलाइन मीटिंग मी पांघरुणातून हात बाहेर काढून करते. एकदा चुकून कॅमेरा चालू राहिला, आणि माझ्या मागच्या खिडकीत उघडेबंब भाऊ दोन्ही हात आभाळाकडे नेताना सगळ्या टीमला दिसले. मॅनेजर दोन मिनिटं रिपोर्ट विसरून बघत राहिला आणि म्हणाला, “हू इज दॅट? ही इज फिटर दॅन मी, मेट.” पुढच्या सोमवारपासून आमच्या मीटिंगची सुरुवात भाऊंची चौकशी करून होऊ लागली. माझी तब्येत त्या वर्षात कोणी विचारली नाही.

जून म्हणजे इथला हिवाळा, थंडी पडली. गवतावर पांढरं दव गोठलेलं, आणि भाऊ अनवाणी. सुनेने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मोजे दिले, ते नाकारले. मुलाने चपला दिल्या, त्याही नाकारल्या, कारण पूजेत चप्पल म्हणजे काय. मग एका सकाळी बघते तर भाऊ पंचा नेसून, मुलाचे बागेत घालायचे गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट चढवून अर्घ्य देतायत. मी खिडकी उघडून म्हटलं, “भाऊ, हे चालतं?”

“चालतं म्हणजे? सगळ्या देवांत बूट घालून उभा राहणारा हा एकच देव आहे गो,” ते म्हणाले. “जुन्या मूर्ती बघ. बाकीचे सगळे अनवाणी, ह्याच्या पायात असे पोटरीपर्यंत बूट. विश्वकर्म्याने त्याचं तेज तासून कमी केलं ते वरचं, पाय राहिलेच तसे. म्हणून ते झाकायचे. त्याच्यासमोर बूट घालून गेलं तर तो उलट आपल्यातला मानेल.” मूर्तीच्या बुटांचं त्यांनी सांगितलं ते खरं आहे. मात्र सूर्य आपल्याला आपल्यातलं मानतो हे त्यांनी गमबूट सापडल्यानंतर ठरवलं, असा माझा संशय आहे.

देशातल्या यच्चयावत सूर्यमंदिरांबद्दल भाऊंना आत्मीयता होती, मात्र ती जरा वरच्या पायरीवरून. कोणार्क आणि मोढेरा त्यांनी फोटोतच बघितलेली. कोणार्कच्या रथाची चाकं मी कौतुकाने मोबाइलवर दाखवायला गेले तर ते हळहळले. श्रीमंत नातेवाइकाचं घर बंद पडलेलं बघून आपण हळहळतो तसे. “इमला मोठा आहे,” ते म्हणाले, “पण सकाळी देवाला उठवायला कोण आहे तिथे? आमचं देऊळ कौलारू. पण सकाळी दिवा लागला नाही असा दिवस नाही.” गावी असताना देवळातला दिवा ते लावत आणि अंगणातलं अर्घ्य तेच देत. आता दोन्ही कामं काकूंकडे होती, आणि त्या ती नीट करतात की नाही याची खातरजमा भाऊ रोज दुपारी फोन स्पीकरवर टाकून अंगणातच करत. त्यामुळे काकूंना मी कधी भेटलेली नसूनही त्यांचा आवाज मला माझ्या आवाजाइतका ओळखीचा झाला होता.

खरा पेच पडला तो प्रदक्षिणेचा. देऊळ नाही म्हणून भाऊ अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या, उघड्या छत्रीसारख्या उभ्या दांडीभोवती प्रदक्षिणा घालत. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की दांडीची सावली भलत्याच बाजूने सरकतेय. गावी सूर्य दक्षिणेकडून जातो, इथे उत्तरेकडून. म्हणजे आपण घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतोय आणि ज्याच्यासाठी फिरतोय तो उलटा फिरतोय. भाऊ भर सकाळी दांडीला धरून थांबले. मग काही दिवस निम्म्या प्रदक्षिणा अशा आणि निम्म्या तशा. त्यातून वाळत घातलेल्या चादरीत दोनदा गुरफटले. मला विचारलं, मला काय कळणार. मुलाला विचारलं, तो म्हणाला, “भाऊ, टेक्निकली दोन्ही करेक्ट आहे.” असलं उत्तर भाऊंना मुळीच पसंत नव्हतं. शेवटी प्रकरण फोनवर काकूंकडे गेलं.

“अगं, इथे तो उलटा जातो,” भाऊ म्हणाले.

“जाऊ दे की. तो त्याच्या वाटेने जातोय,” स्पीकरवरून काकू म्हणाल्या. “तुम्ही एकदा घरी या, आणि मग हव्या त्या बाजूने फिरा.”

दुसऱ्या दिवसापासून प्रदक्षिणा गावासारख्याच सुरू झाल्या.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. परतीचं तिकीट मिळालं आणि रद्द झालं, पुन्हा मिळालं, पुन्हा रद्द झालं. संक्रांतीला वहिनींनी तिळगूळ केला, तेव्हा भाऊ ओट्यावर बसून उत्तरेकडे बघत होते. “इथे उत्तरायण म्हणजे काय माहितेय? तो निघाला आपल्याकडे जायला,” ते म्हणाले. “त्याला बरं आहे. व्हिसा नको, टेस्ट नको.” भाऊंनी सूर्याचा हेवा केलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

कारण आता रथसप्तमी जवळ आली होती. त्या दिवशी अंगणात गोवऱ्यांवर दूध तापवून सूर्याला नैवेद्य म्हणून उतू घालवायचं, हे आपल्याकडे घरोघरी होतं. पण भाऊंच्या घरी त्याची पद्धत ठरलेली होती. जाळ भाऊंनी घालायचा, लक्ष काकूंनी ठेवायचं, दूध वर आलं की काकूंनी ‘गेलं’ म्हणायचं, आणि मग दोघांनी हात जोडायचे. लग्न झाल्यापासून यात एकदाही खंड पडला नव्हता. आजारपणं झाली, मुलाचा जन्म झाला, एकदा तर दोघांत अबोला होता. काकूंनी तेव्हाही तेवढा एक शब्द उच्चारला होता आणि पुन्हा गप्प झाल्या होत्या. “तिथे ती एकटी काय करेल?” असं भाऊ दिवसातून चारदा म्हणत. आपण एकटे काय करू, हे ते म्हणाले नाहीत, पण आम्हाला सगळ्यांना ते कळत होतं आणि घरात कोणाला धड जेवण जात नव्हतं.

मग त्यांनी तयारी सुरू केली. बागेसाठी मिळणाऱ्या शेणखताची गोणी मुलाला आणायला लावली, त्यात कापलेलं गवत कालवलं आणि गोवऱ्या थापून पत्र्याच्या कुंपणावर चिकटवल्या. पलीकडच्या अंगणात टोमॅटो लावणारे एक म्हातारे गोरे शेजारी राहतात. ते कुंपणावरून डोकावले. “व्हॉट्स दॅट, मेट?”

“सन केक,” भाऊ गंभीरपणे म्हणाले.

“गुड ऑन या,” शेजारी म्हणाले, आणि थोड्या वेळाने त्यांनी चार टोमॅटो कुंपणावरून दिले. प्रसादाच्या आशेने दिले असावेत.

रथसप्तमीची सकाळ उजाडली ती भाजून काढणारा वारा घेऊन. वहिनींनी रथाची रांगोळी काढली होती. सात घोड्यांपैकी निदान तीन कांगारूंसारखे दिसत होते, पण भाऊ म्हणाले, ओढतील तर खरं. गोवऱ्या रचल्या, काडेपेटी हातात घेतली, आणि मुलगा फोन बघत बाहेर आला. वणव्याच्या भीतीने त्या दिवशी उघड्यावर कुठलाही जाळ करायला बंदी जाहीर झाली होती. “भाऊ, आज टोटल फायर बॅन आहे. नाही चालणार,” तो म्हणाला. त्याचाच चेहरा उतरला होता. भाऊंनी वाद घातला नाही. काडेपेटी कमरेला खोचली आणि ओट्यावर जाऊन बसले. ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मग मीच म्हटलं, “माझी विजेची शेगडी आहे की. बाहेर वायर ओढू.”

“विजेवर?” भाऊ म्हणाले. “कोळसा जाळून केलेली वीज सूर्यापुढे ठेवू?” मग त्यांची नजर छपराकडे गेली. छपरावर सोलर पॅनेल आहेत, पण ते पश्चिमेकडच्या उतारावर. आल्या आल्या त्यांनी मुलाला यावरून झापलं होतं, की उगवत्या देवाकडे पाठ करून बसवलेत म्हणून. आता ते उठले. “ती वीज त्याचीच ना? मग त्याचं दूध त्यालाच तापवू दे.”

मात्र एक थेंबही दुसरी वीज चालणार नव्हती. पंखे बंद, फ्रिज बंद, माझा लॅपटॉप बंद. मुलगा मोबाइलवर पॅनेलच्या विजेचा आकडा बघत उभा, आणि पश्चिमेच्या उतारावर ऊन येता येत नव्हतं. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. मुहूर्त केव्हाच टळला होता. भाऊ गमबुटात घामाघूम होऊन शेगडीपाशी बसून होते. दुपारी बाराच्या पुढे कधीतरी मुलगा म्हणाला, “भाऊ, आता पुरेल.” स्टीलचं पातेलं शेगडीवर चढलं. आणि तेवढ्यात फोन वाजला.

काकू होत्या. त्यांनी व्हिडिओ लावला होता आणि फोन तुळशीवृंदावनाला टेकवून ठेवला होता. तिथे नुकतं कुठे तांबडं फुटत होतं. त्यांच्यापुढे गोवऱ्या पेटलेल्या, वर मातीचं बोळकं. “तुमचं सकाळीच झालं असेल,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, माझं तरी बघा.”

भाऊंनी फोन शेगडीकडे फिरवला. काकू पदर खोचून पुढे वाकल्या आणि रागावल्या, “अहो, मोठी करा ती शेगडी. केवढं मागे आहे तुमचं.”

त्यानंतर त्या त्यांच्या बोळक्याकडे एकदा आणि आमच्या पातेल्याकडे एकदा असं बघत राहिल्या. त्यांचं दूध आधी वर आलं, तर त्यांनी चक्क जाळ मागे ओढला आणि थांबल्या. आमचं फुगलं, कडेला आलं, आणि काकूंनी जाळ पुढे सारला. “गेलं,” त्या म्हणाल्या. दोन्हीकडे दूध उतू गेलं. भाऊंनी हात जोडले ते सूर्याकडे बघून की फोनकडे, हे मला सांगता येणार नाही. मला त्या वेळी रडू येत होतं आणि शेगडीवरून दूध माझ्या वायरीकडे चाललं होतं.

महिन्याभराने भाऊंना विमानात जागा मिळाली. जाताना ते माझ्या खिडकीशी आले. “रोज नको, पण रविवारी तरी उठत जा. कोणी बघितलं की त्याला बरं वाटतं,” म्हणाले. मी हो म्हटलं. दोघांनाही माहीत होतं की मी उठणार नाही.

ते पोचल्यावर काही दिवसांनी मी फोन केला, तो काकूंनी घेतला. कोरोनाच्या नियमाप्रमाणे भाऊंना पडवीत वेगळं ठेवलं होतं, त्यांनी तिथून हलायचं नाही आणि काकूंनी उंबऱ्याच्या बाहेर यायचं नाही. “अर्घ्य चुकवत नाहीत ना?” मी गमतीने विचारलं.

“चुकलं गो,” काकू म्हणाल्या. “आल्याच्या दुसऱ्या दिवशी. पहाटे उठले, तिकडून मला हाक मारली, मी आपली उंबऱ्यात बसले. बोलत काय बसलो आम्ही, सूर्य पोफळींच्या वर आला तरी ह्यांना पत्ता नाही. इतक्या वर्षांत असं कधी नाही केलं ह्यांनी.”

त्या हे तक्रारीसारखं सांगत होत्या, पण आवाज तक्रारीचा नव्हता. मग पलीकडून भाऊंनी त्यांना काहीतरी विचारलं, त्या ‘आले, आले’ म्हणाल्या, आणि फोन ठेवायचा विसरून गेल्या. मी थोडा वेळ तशीच ऐकत राहिले. शब्द कळत नव्हते, नुसते दोघांचे आवाज येत होते. बाहेर अंगणात लख्ख ऊन पडलं होतं, आणि त्यात कोणीच उभं नव्हतं.