लाइन सहा, नंबर एक्केचाळीस

गुरुवारी टेबलावरून उठून परत कंटेनरवर आलो. कुणी ढकललं नाही, स्वतःच्या हाताने झालं. कंबर अजून दुखतेय, म्हणून बसल्या बसल्या लिहितोय...

लंडनमध्ये वेम्बलीजवळ एका गोडाऊनमध्ये काम करतो मी. चीनमधून टेबल लॅम्पचे कंटेनर येतात, ते रिकामे करायचे. त्याआधी ब्रिस्टलला बांधकामावर होतो, त्याआधी स्टॅनमोरला दुकानात. एका जागी टिकत नाही म्हणून घरचे बोलतात, आणि नववीत शाळा सोडलेल्याला दुसरं काय मिळणार, हेही तेच बोलतात.

महिन्यापूर्वी चेकिंगचं टेबल मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा बसून काम! बॉक्स उघडायचा, काच फुटली असेल तर फॉर्म भरायचा. प्रत्येक बॉक्समध्ये एक बारकी चिठ्ठी असते, पॅक करणाऱ्याचा लाइन नंबर आणि कामगार नंबर. ती फॉर्मला चिकटवायची.

फॉर्मवर विचारलेलं असतं, माल कुठे फुटला. फॅक्टरीच्या पॅकिंगमध्ये की इथे उतरवताना. टेबलावर बसणारा प्रत्येक जण पॅकिंगवर टिक करतो, मीही केली. खरं सांगायचं तर शेवटचे शंभरेक बॉक्स आम्ही ठेवत नाही, टाकतो. हात उरलेलेच नसतात.

कंटेनर उतरवणाऱ्यांत चेन म्हणून एक जण आहे, चाळिशीचा, चीनचाच. मी त्याला चेनदादा म्हणतो, त्याला अर्थ सांगितला तेव्हा खूश झाला होता. मधूनच माझ्या टेबलापाशी येऊन चांगल्या बॉक्समधल्या चिठ्ठ्या तो चाळायचा आणि एखादी खिशात टाकायचा. मला वाटायचं, पोरं काड्यापेटीचे छाप जमवतात तसा काहीतरी नाद असेल...

गुरुवारी चहाच्या सुट्टीत तो काही खात नव्हता. विचारलं तर तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये सांगत बसला. त्याची बायको तिकडे शेनझेनजवळ लॅम्पच्याच फॅक्टरीत पॅकिंगला आहे. आमचेच लॅम्प. त्याने पहिल्यांदा खोक्यावर फॅक्टरीचं नाव वाचलं तेव्हा तिथेच खाली बसला होता म्हणे.

पोरगा आठ वर्षांचा, गावाला चेनच्या आईपाशी. त्यांच्याकडे म्हणे गावची नोंद असते, गावचा तो गावचाच. शहरात येऊन राबलं तर चालतं, पण पोराला शहरातल्या सरकारी शाळेत सहजी घेत नाहीत. म्हणून बाप लंडनला, आई फॅक्टरीत, पोरगा गावात. आई वर्षातून एकदाच घरी जाते, त्यांच्या नव्या वर्षाला.

मी म्हटलं, इथे तर टीव्हीवर रोज दाखवतात चीन कुठल्या कुठे गेला, आता ऑलिंपिक पण तिथेच होणार आहे. तो म्हणाला, ''गेला असेल. माझी बायको त्याच लाइनवर आहे.''

मग मुद्द्यावर आला. तिच्या नावावर दोन तक्रारी आल्यात. तिसरी आली की सुट्टी बंद, सणातही फॅक्टरीतच राहायचं. काल फोनवर तो तिच्यावर ओरडला, म्हणाला तुझे हात आता कामातून गेले. ती नुसती ऐकून घेत होती...

त्याने खिशातली चिठ्ठी दाखवली, तिच्या नंबरची. लाइन सहा, नंबर एक्केचाळीस.

माझा चहा तसाच राहिला. तो नंबर मी चिकटवला होता. दोन फॉर्म मागच्या दोन शुक्रवारी गेलेले, तिसरा सकाळी भरलेला, ट्रेमध्ये. दुसऱ्या दिवशी जाणार.

पळत जाऊन फॉर्म काढला. पॅकिंगची टिक खोडली आणि उतरवताना फुटला यावर केली. आमचा सुपरवायझर भरतभाई मागेच उभा होता. त्याने विचारलं कुणी फोडला. मी म्हटलं, मी.

आधीच्या दोन्ही फॉर्मवर पण तेच लिहून पाठवा म्हणालो, तर म्हणाला गेलेले कागद परत येत नाहीत. फॉर्म ठेवून घेतला आणि म्हणाला, ''बैठने को दिया तो भी बैठा नहीं जाता तेरे से?'' तासाभरात मी कंटेनरमध्ये.

आत चेनदादाच होता. का आलास म्हणाला. सांगावं की नाही याचा मी बराच वेळ विचार केला... मग सांगून टाकलं. तिन्ही फॉर्म.

आठ-दहा बॉक्स तसेच हातातून हातात गेले. मग म्हणाला, ''तिचे हात चांगले आहेत. मला माहीत होतं.'' आणि तिकडे आता किती वाजले असतील ते बोटांवर मोजायला लागला.

भरतभाईला न विचारता तो बाहेर फोन बूथवर गेला. मी एकटा बॉक्स ओढत राहिलो. वीस मिनिटांनी आला, डोळे लाल. एवढंच सांगितलं, की ती आधी रडली, मग खूप शिव्या दिल्या, मग म्हणाली तिकीट बघते.

दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बरोबरच आहे, मी तरी बोललो असतो का? आज सकाळी स्वतःहून म्हणाला, सुट्टी मिळाली तिला, पण आधीच्या दोन तक्रारींमुळे कमी. चार दिवस. गाडीत जागा नाही, अठ्ठावीस तास उभ्याने जाणार.

माफ केलंस का, हे मी विचारलं नाही. तो त्याच्याच काळजीत आहे, की मागच्या वर्षी पोरगा पहिला अख्खा दिवस आईजवळ आलाच नव्हता. चारातला एक दिवस असाच गेला तर...

मी ना त्या बाईला पाहिलंय, ना पोराला. देवाबिवाचं आपलं फार नसतं, पण आज कधी नव्हे ते मागितलं. यंदा पोराला आईची ओळख लवकर पटू दे.