दोरी लावलेला काठ

सरळ बांध ही माझी लहानपणापासूनची खोड. दोरी लावल्याशिवाय मी कांद्याचा वाफासुद्धा धरत नाही. त्यामुळे दिवाळीनंतर आमच्या वडवणीकडच्या गावतळ्याचं काम निघालं आणि देखरेख माझ्याकडे आली, तेव्हा मी लई खूश झालो. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. म्हटलं, मंडळी परत येतील तेव्हा तळं बघून तोंडात बोटं घालतील.

काम पाखरांसाठी होतं. माजलेली वेडी बाभूळ काढायची, गाळ उचलायचा आणि काठ पसरट, उतरता ठेवायचा, असं बीडहून आलेल्या पाखरांच्या अभ्यासक बाई बजावून गेल्या होत्या. लव्हाळ्याला तर हातच लावू नका म्हणाल्या. मी मान डोलावली. त्यांची गाडी वळली आणि मी खुंट्या ठोकून दोरी ताणली. जेसीबीवाला शहाणा गडी. "चाचा, बाईंनी उतार सांगितलाय," असं दोनदा म्हणाला. मी म्हटलं, उतार-बितार कागदावर. त्यानं कपाळाला हात लावला आणि बकेट खाली सोडलं.

चार दिवसांत गावाकडचा काठ भिंतीसारखा उभा झाला. लव्हाळा साफ. पाणी थेट काठाला टेकलेलं. माझं मलाच कौतुक वाटत होतं, म्हणून बायकोला मुद्दाम बघायला बोलावलं. ती म्हैस घेऊनच आली. ही म्हैस तिनं लहानाची मोठी केलेली, माझ्यापेक्षा तिच्याशीच ती जास्त बोलते. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. नेहमीच्या सवयीनं म्हैस काठावर आली आणि घसरून धप्पकन् पाण्यात पडली.

आधी मी हसलो. मग ती बाहेर यायला धडपडू लागली. पुढचे पाय कसेबसे काठावर टेकायची, की परत खाली. पलीकडे बाभळीचं रान, आणि ही आपली रोजच्याच जागी धडका मारतेय. माझ्याइतकीच हट्टी. पाणी गारठलेलं, पोटात रेडकू. बघता बघता ती दमली, नाकपुड्या तेवढ्या वर राहिल्या. काही सुचेना, खुंट्यांची दोरी सोडून घेतली आणि तीच हातात धरून उभा राहिलो.

बायको ओरडली नाही. "आवो, हे सरळ कुनाला दावायचंय?" एवढंच मला म्हणाली आणि जेसीबीवाल्याकडे वळली. "फोड बाबा तो काठ."

माझी चार दिवसांची कारागिरी त्यानं दहा मिनिटांत चिखलाला मिळवली. चिखलाचा उतार झाला तशी म्हैस सावकाश वर आली, अंग झटकून मला नखशिखांत रंगवलं आणि मागं न बघता घराकडे निघाली.

पंधरा दिवसांनी बाई आल्या. माझ्या सरळ काठावर एक पाखरू नव्हतं. फोडलेल्या जागी मात्र म्हशीच्या खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं, आणि लाल पायांचे शेकाटे त्यात चोची खुपसत फिरत होते. बाई हरखल्या. सगळा काठ असाच करा म्हणाल्या, आणि हा उतार कुणी धरला ते विचारलं. 'मी' म्हणायला माझं तोंड उघडलंच होतं. बायको शेजारी उभी होती.

"हिच्या म्हशीनं," मी म्हणालो.

बायको तोंडाला पदर लावून हसली. उरलेल्या खुंट्या मी माझ्या हातानं उपटल्या. त्याच आठवड्यात म्हैस व्याली, वगार झाली, चांगली धडधाकट. आता माझी दोरी त्या वगारीच्या गळ्यात असते.