सहीनिशी मतदान

आमचा मतदारसंघ कायम काठावरचा. एकीकडे तारनाक्याच्या रेल्वे वसाहती आणि विद्यापीठातले प्राध्यापक, दुसरीकडे नल्लकुंट्याची जुनी घरं, आणि पलीकडे दर वर्षी पसरत जाणाऱ्या नव्या कॉलन्या. जिंकणारा थोडक्यात जिंकायचा आणि पुढच्या खेपेला थोडक्यात पडायचा. बालेकिल्ला असा कुणाचाच नव्हता. हा सगळा इतिहास अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तोंडपाठ. आपल्या पहिल्या मतदानापासूनचे निकाल त्यांनी एका जाड वहीत उतरवून ठेवले होते. त्या वहीतली मौज अशी, की अण्णांनी मत दिलेला उमेदवार एकदाही पडला नव्हता.

त्यामुळे रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेला हा कारकून गल्लीत खासदाराच्या तोऱ्यात वावरायचा. शेजारचे तेलुगू मास्तर कंपाउंडवरून विचारायचे, "क्या साब, इस दफे किसको जिता रैं?" अण्णा मिशीतल्या मिशीत हसायचे, नाव मात्र सांगायचे नाहीत.

ते दिवस उदारीकरणाचे. घरोघर केबल आली होती, कोपऱ्यावरचं किराणा दुकान अर्धं एसटीडी बूथ झालं होतं, आणि रस्ते नि नळ यांच्या जोडीला उमेदवार आता परदेशी कंपन्याही आणून देणार होते. मी नुकतीच बँकेत लागले होते. त्या निवडणुकीत मतमोजणीची ड्यूटी माझ्या गळ्यात पडली. प्रशिक्षणाहून आल्यावर जेवताना मी मोठ्या ऐटीत सांगत बसले, कुठल्या मतपत्रिका बाद होतात ते. "कुणी दोन शिक्के मारतं, कुणी कोरीच टाकतं. आणि अतिशहाणे तर चक्क सही करतात! मतदार ओळखू येईल असं काही दिसलं, की मत बाद."

अण्णांचा घास हातातच राहिला.

"सही केली की बाद?"

"बाद."

आईच्या आधी लक्षात आलं. "अहो, तुम्ही..."

"मग? बिनसहीचा शिक्का कुणी मानतंय का?" अण्णा कळवळून म्हणाले. सारी नोकरी शिक्का मारून त्याखाली सही करण्यात गेलेली. मतदान केंद्राच्या आडोशातही त्यांनी खिशातलं पेन काढून दर खेपेला इमानेइतबारे सही ठोकली होती. मला हसू आवरेना.

"कायला हसायलीस?" म्हणत ते पानावरून उठले. अर्धं जेवण टाकून उठणारे अण्णा मी कधी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी वही माळ्यावर गेली. "मी नाही जाणार मत द्यायला. इतकी वर्षं माझ्यावाचून काही अडलं का?" असं ते म्हणाले, तेव्हा मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

मतदानाच्या सकाळी आई साडी बदलून दारात उभी राहिली. "चला. एकदा तरी नीट देऊन बघा. शिक्का तेवढा मारा आणि हात आवरा." अण्णा कुरकुरत निघाले, मागोमाग मीही. केंद्राच्या फाटकाशी ते थांबले, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "धर. सवय वाईट असती."

बाहेर आले ते वेगळेच. परतताना भेटेल त्याला आपल्या उमेदवाराचं नाव सांगत सुटले. मास्तरांनाही सांगून टाकलं.

मोजणीच्या दिवशी माझ्या टेबलावर गठ्ठ्यांमागून गठ्ठे येत राहिले. त्यांत चार-दोन सहीवाल्या पत्रिकाही निघाल्या, आणि प्रत्येक वेळी मी आधी सही निरखून पाहिली. अण्णांची लपेटदार सही त्यांत नव्हती. निकाल नेहमीसारखाच थोडक्यात लागला. अण्णांचा माणूस पडला.

मी घरी आले तर मास्तर आधीच फाटकाशी हजर. "साब, तुमारा आदमी तो गया!"

"गया तो गया," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "माझं मोजलं का गं?"

एवढ्या ढिगात त्यांची पत्रिका कुठली, हे देवालाही सांगता आलं नसतं. "मीच मोजलं, अण्णा," मी ठोकून दिलं.

त्यांनी मला माळ्यावरून वही काढायला लावली आणि माझ्याकडे राहिलेलं पेन मागून घेतलं. नव्या पानावर निवडून आलेल्याचं नाव लिहिलं, त्याखाली ‘आपला पडला’ असं ठसठशीत लिहिलं, आणि खाली झोकात सही केली.