पाव्हणं, गाव कंचं?

शनिवार, संध्याकाळ, मारुतीच्या देवळाचा कट्टा. हजर: गिरणीवाले काका, मेडिकलवाले, शाळेतल्या दोघी बाई आणि गल्लीच्या समितीची सचिव म्हणून मी. विषय: कुपवाडहून माधवनगरकडे येणाऱ्या गाड्यांचा वेग. गैरहजर: मामा. ते समोर रस्त्यातच उभे होते. आमची चर्चा जरा रंगात आली की तिकडून आवाज यायचा, "पाव्हणं, गाव कंचं?"

सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. मूळचे आटपाडीकडचे. लहानपण मेंढरांमागं गेलं, उमेदीची वर्षं यंत्रमागावर. खांद्यावर टॉवेल आणि उजवा हात असा आडवा, की समोरचा थांबलाच पाहिजे. "मेंढरं आन मोटारसायकली एकच हैत, ताई," ते मला सांगायचे. "म्होरचं थांबलं की मागचं थांबतंय."

थांबवायचं कारण म्हणजे मामी. त्यांना दिसायचं कमी झालेलं. रस्त्यापलीकडे त्यांची जाऊ अंथरुणाला खिळलेली, तिला संध्याकाळी भाकरी-कालवण नेणं मामींनी सोडलं नव्हतं, आणि कुपवाडचे कारखाने सुटायची वेळही तीच. एकदा एका गाडीच्या आरशानं त्यांच्या हातातला डबा उडवला. मामी वाचल्या, कालवण रस्त्यावर. डबा आम्ही पोचवतो म्हटलं, तर म्हणाल्या, "डबा न्याल गं. तिच्यासंगं बोलंल कोण?" दुसऱ्या दिवसापासून मामा रस्त्यात.

त्यांनी कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. ते नातं काढायचे.

"गाव कंचं?"

"कुंडल. सोडा की आवं, उशीर झालाय."

"तुमच्यातली कोण आमच्या आटपाडीकडं दिलीया का?"

"दिलीया की. धाकटी आत्या."

"मग आत्याचा नवरा तुझा मामा, त्यो आमच्याकडचा, म्हंजी मी बी मामाच. आन तू मामीला उडवून जाणार व्हय रं?"

पोरानं निमूट गाडी स्टँडवर लावली आणि मामींना हाताला धरून पलीकडे नेलं. त्यानंतर तो वळणावर आपणहून हळू व्हायचा आणि "मामा, रामराम!" ओरडायचा. तुम्हीही पाहिलं असेल, ओळखीच्या दारासमोरून कुणी सुसाट जात नाही.

एकदाच मामा अडले. पोरगा म्हणाला, "छपरा, बिहार."

"जतच्या म्होरं का रं?"

"बहुत आगे, चाचा."

मामांनी टॉवेलनं मान पुसली. "लगीन झालंय?"

"नहीं."

"मग काय अडचण न्हाई. सासरवाडी हिकडंच बघू."

गतिरोधकासाठी महापालिकेला अर्ज द्यायचं ठरलं, पण तो मेडिकलसमोर हवा की गिरणीसमोर, यावर दोघं हमरीतुमरीवर आले. सही करायला आलेले मामा म्हणाले, "तुमी दोघं कवा रस्ता वलांडता? मामीला इचारा की." मामी वळणावरून जात. ठराव वळणाचा झाला. अर्ज मी स्वतः देऊन आले.

यंदा उन्हाळ्यात मामा झोपेतच गेले. दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांच्या दाराशी मोटारसायकलींची रांग लागली. त्या पोरांना मामांचं नाव ठाऊक नव्हतं, "रस्त्यातल्या मामांचं घर कुठं?" असं विचारत आली होती. उंबऱ्यात एकेक जण वाकून सांगत होता, "मी कुंडलचा." "मी जतचा." "मैं छपरावाला, मामी." मामी चेहरे ओळखू शकत नव्हत्या. प्रत्येक गावाला मान हलवत होत्या.

ही पोरं अजूनही हळू होतात. पण कारखान्यांत नवी पोरं येतच राहतात, आणि त्यांना इथं कुणी मामा नाही. गतिरोधक झालेला नाही. मागच्या बैठकीत रोज एकानं उभं राहायचं ठरलं, आणि पहिली पाळी मी घेतली.

काल मामी माझं कोपर धरून उभ्या होत्या, हातात गरम डबा. मी हात आडवा केला. एक गाडी खरंच थांबली.

"गाव कुठलं तुमचं?"

"कवठेमहांकाळ. का वो?"

माझं तिथं कुणीच नाही. मी आठवत राहिले. पोरगा माझ्याकडे बघत होता, मागचे हॉर्न वाजवत होते.

"आगं, सासरवाडी इचार की," मामी कुजबुजल्या.

तोवर तो निघून गेला होता. त्याच्यामागून बाकीचे सुटले, आणि आम्ही दोघी अजून अलीकडच्याच कडेला.